स्किपचा ब्रश काय सांगतो: कर्लिंगमधला शॉट संघापर्यंत पोहोचवण्याची रीत

कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवून तो समोरच्या वर्तुळांच्या मध्याजवळ थांबवण्याचा खेळ. दगड सोडणारी खेळाडू हॅकमध्ये, म्हणजे बर्फात बसवलेल्या पायाच्या आधारात, पाय रोवून बसलेली असते आणि स्किप, म्हणजे संघाची कप्तान, समोरच्या हाऊसमध्ये, म्हणजे त्या वर्तुळांत, उभी असते. मधे साधारण ३८ मीटर बर्फ. दोन्ही बाजूंच्या शीटवर, म्हणजे बर्फाच्या पट्ट्यांवर, दुसरे सामने चालू, दगडांची घरघर, चार-पाच स्किपांच्या एकदम हाका. अशा ठिकाणी ‘थोडा बाहेरून आण, जोर जास्त झाला तरी चालेल, पण गार्डला लागू देऊ नकोस’ (गार्ड म्हणजे हाऊसच्या पुढे आडोशाला थांबवलेला दगड) हे वाक्य बोलून पोहोचत नाही. ब्रश, हात आणि आधी ठरवलेले मोजके शब्द, एवढ्यावरच सगळं निभवावं लागतं.

मी विनिपेगमध्ये राहते आणि इथल्या एका क्लबात हिवाळाभर लीग खेळते. सुरुवातीची वर्षं लीड, म्हणजे पहिले दगड सोडणारी, होते, मग व्हाइस, म्हणजे उपकप्तान, झाले, आता स्किप आहे. या तिन्ही जागांवरून खेळल्यावर एक गोष्ट मनाशी पक्की झाली. स्किपला दगड कुठे हवा आहे हे संघाला बहुतेक वेळा कळतं. तिला काय झालेलं चालणार नाही, हे मात्र कळत नाही, आणि सामने तिथे हातचे जातात. म्हणून या लेखात खुणा सगळ्या सांगणारच आहे, पण सगळ्यात जास्त वेळ त्या न सांगितलेल्या अर्ध्या भागावर घालवणार आहे.

आधी शीट डोळ्यांसमोर आणा

शीट साधारण ४५ मीटर लांब असते. दोन्ही टोकांना वर्तुळांचं हाऊस: बाहेरचं बारा फुटी, आत आठ फुटी, मग चार फुटी आणि मधोमध बटण. बटणातून आडवी जाते ती टी-लाइन, हाऊसच्या मागच्या कडेला टेकते ती बॅकलाइन, आणि टी-लाइनच्या २१ फूट अलीकडे हॉगलाइन. दगड ग्रॅनाइटचा, १७ ते २० किलोंच्या दरम्यान. संघात लीड, सेकंड, थर्ड (हाच सहसा व्हाइस) आणि स्किप. प्रत्येकाचे दोन दगड, म्हणजे एका एंडला (सामन्याच्या एका फेरीला) संघाचे आठ.

बर्फावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून गोठवलेले असतात. त्या खडबडीला पेबल म्हणतात. त्यावरून दगड स्वतःभोवती फिरत गेला की त्याचा मार्ग वाकतो. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवला तर सोडणाऱ्याच्या उजवीकडे, उलट फिरवला तर डावीकडे. वेग उतरल्यावर, म्हणजे शेवटच्या टप्प्यात, हे वाकणं जास्त दिसतं. दगडापुढचा बर्फ ब्रशने घासला तर दगड लांब जातो आणि कमी वाकतो. स्किपचं सगळं बोलणं या दोन गुणांभोवती फिरतं.

बर्फावर पाय ठेवण्याआधी

जोराच्या खुणांना जगभर एकच कोश नाही. प्रत्येक संघ आपापल्या खुणा ठरवतो, म्हणून नव्या संघाबरोबर पहिला सामना असेल तर दहा मिनिटं लवकर या आणि चौघं बाकावर बसून त्या ठरवा. आमच्या संघात शरीराचीच मोजपट्टी केली आहे. हॅक वेट, म्हणजे पलीकडच्या हॅकपर्यंत पोहोचेल एवढा जोर, यासाठी बूट दाखवायचा. बोर्ड वेटसाठी, म्हणजे शीटच्या मागच्या फळीपर्यंतच्या जोरासाठी, गुडघा. कंट्रोलसाठी पोट, नॉर्मल टेकआउटसाठी, म्हणजे समोरचा दगड मारून काढायच्या नेहमीच्या जोरासाठी, खांदा आणि पीलसाठी, म्हणजे सगळं उडवून लावायच्या जोरासाठी, डोकं. खालून वर गेलं की जोर वाढतो, त्यामुळे नवीन माणसालाही पाठ करावं लागत नाही.

दुसरी ठरवायची गोष्ट वळणाची. स्किप एका हाताने ब्रश धरते आणि दुसरा हात बाजूला लांब करून वळण सांगते. तो हात ‘दगड या बाजूला वाकेल’ असं सांगतो, की ‘हँडल या बाजूकडून सुरू कर’ असं? हे दोन अर्थ एकमेकांच्या बरोबर उलटे आहेत. कोणताही घ्या, पण चौघांचा एकच असू द्या. दुसऱ्या क्लबातून बदली खेळाडू आली असेल तर तिला हे आठवणीने विचारा.

इन-टर्न आणि आउट-टर्न या शब्दांवर तर अजिबात विसंबू नका, विशेषतः संघात कुणी डावखुरी असेल तेव्हा. उजव्या हाताने सोडणारीचा इन-टर्न काट्यांच्या दिशेने फिरतो, डावखुरीचा उलट. शब्द एकच, दगड दोन दिशांना. हात दाखवला की हा घोळ संपतो, कारण हात दगडाबद्दल बोलतो, मनगटाबद्दल नाही.

पहिली गोष्ट: दगड कुठे संपायचा

क्रम नेहमी हाच ठेवा: आधी शेवट, मग जोर, मग वळण, सगळ्यात शेवटी निशाणा. उलट क्रमाने सांगितलं तर दगड सोडणारी निशाणा डोळ्यांत साठवते आणि पुढचं तिच्या कानावरून जातं.

ड्रॉ असेल, म्हणजे कुठलाही दगड न मारता ठरल्या जागी थांबायचं असेल, तर दगड जिथे थांबायला हवा त्या जागी बर्फावर ब्रशने दोनदा टकटक करा. गार्ड हवा असेल तर हाऊसच्या पुढे चालत जाऊन तिथे टकटक करा. आत उभं राहून लांबून ब्रश दाखवू नका, लांबून दोन मीटरचा फरक कळत नाही. प्रतिस्पर्ध्याचा दगड काढायचा असेल तर त्या दगडाला ब्रश लावा आणि मग ब्रश मागे झटका, ‘हा जाऊ दे’. मारून आपला दगड तिथेच ठेवायचा असेल तर दगडाला ब्रश लावून त्याच जागी तळहात खाली दाबल्यासारखा दाखवा. मारून सरकायचं असेल तर ज्या दिशेने सरकायचं तिकडे ब्रश ओढत न्या आणि जिथे थांबायचं तिथे टकटक करा. फ्रीझसाठी, म्हणजे समोरच्या दगडाला चिकटून थांबायचं असेल तर, त्या दगडाच्या अगदी पुढ्यात टकटक करून दोन्ही मुठी एकमेकींना टेकवा.

रेझची खूण मात्र जपून करा. आपलाच पुढचा दगड मारून त्याला हाऊसमध्ये ढकलायचं, कॅरममध्ये एका सोंगटीने दुसरी घालतो तसं. मी व्हाइस असताना एका सामन्यात आमच्या स्किपने गार्डवर टकटक केली आणि मग बटणावर. तिला रेझ हवा होता. मला वाटलं, गार्डच्या आडून बटणावर ड्रॉ. मी सुंदर ड्रॉ टाकला, गार्डला वळसा घालून. पण तिने ब्रश रेझसाठी लावला होता, त्यामुळे दगड बटणापासून चांगला चार फूट लांब थांबला आणि एंड गेला. त्या रात्रीपासून आमचा नियम असा: रेझ असेल तर ब्रश गार्डपासून शेवटच्या जागेपर्यंत बर्फावर घासत न्यायचा, मधे उचलायचा नाही. आडून ड्रॉ असेल तर गार्डला हातच लावायचा नाही, फक्त त्याला वळसा घातल्यासारखा ब्रश हवेत फिरवायचा.

दुसरी गोष्ट: जोर, वळण, निशाणा

ड्रॉचा जोर वेगळा सांगावा लागत नाही, शेवटची जागा दाखवली की तो त्यातच आला. मारायच्या दगडाला मात्र जोर सांगितल्याशिवाय निशाणा अर्धवट राहतो. हॅक वेटने येणारा दगड पीलपेक्षा बराच जास्त वाकतो. स्किपने हॅक वेट धरून ब्रश लावला आणि सोडणारीने नॉर्मल टाकला, तर निशाण्यावर अचूक सुटलेला दगडही बाजूने निघून जातो. नंतर दोघी म्हणतात, ‘मी बरोबरच केलं होतं.’ आणि दोघींचं खरं असतं.

मग हात बाजूला, वळण. मग ब्रश. नवशिक्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते: ब्रश म्हणजे दगड थांबायची जागा नव्हे. तो सोडायचा रोख आहे. दगड ब्रशकडे निघतो आणि वाकून दुसरीकडे पोहोचतो. बटणावर दगड हवा असेल तर ब्रश मीटरभर बाजूला असू शकतो. ते अंतर किती, यालाच आम्ही ‘किती आइस दिला’ म्हणतो. त्या दिवशीचा बर्फ कसा वाकवतोय हे दर दगडाला पाहून स्किप ते ठरवते. डावी बाजू, उजवी बाजू, दोन्ही वळणं असे चार मार्ग धरा. चारही सारखे वाकत नाहीत. पहिल्या दोन एंडांत शक्य तेवढे मार्ग वापरून पाहणं हाही संवादच आहे, कारण तिथे जे दिसेल ते नंतर संघाला दोन शब्दांत सांगता येतं.

ब्रश उभा धरा, पॅड बर्फाला टेकलेलं, स्वतः त्याच्या मागे सरळ. दगड सुटेपर्यंत ब्रश हलवू नका. निर्णय बदलायचाच असेल तर हात वर करून सोडणारीला थांबवा, तिला हॅकमध्ये पुन्हा बसू द्या, मग नव्याने सुरुवातीपासून सांगा. ती सरकायला लागल्यावर हलवलेला ब्रश हा माझ्या मते स्किपचा सगळ्यात मोठा गुन्हा आहे.

इथे एक वादाचा मुद्दा. संघातली एखादी खेळाडू दर वेळी दगड थोडा आतून सोडते हे स्किपला माहीत असतं. मग काही स्किप तिला न सांगता ब्रश तेवढा सरकवून लावतात. त्या दगडापुरतं ते चालून जातं. पण ती एखाद्या दिवशी नीट सोडते आणि दगड भलतीकडे जातो, तेव्हा तिला वाटतं आपलं चुकलं, आणि ती आपली चांगली सवय मोडून ठेवते. मी हे करत नाही. सामन्यात ब्रश खरा लावते आणि सामना संपल्यावर तिला सांगते.

तिसरी गोष्ट: कोणती चूक चालेल

आता मुख्य भाग. अचूक दगड क्वचितच पडतो. ऑलिम्पिकच्या खेळाडूंचेही सगळे शॉट पूर्ण जमत नाहीत. मग प्रत्येक शॉटबरोबर स्किपने हेही सांगायला हवं की चुकायचंच असेल तर कोणत्या बाजूला चुकायचं.

गार्डच्या आड ड्रॉ घ्या. जोर थोडा जास्त झाला तर दगड बटणाच्या मागे जाईल, पण निदान हाऊसमध्ये असेल. कमी पडला तर गार्डच्या मागे अर्धवट उघडा राहील किंवा गार्डलाच लागेल. म्हणून ‘जास्त चालेल, कमी नको’. फ्रीझमध्ये बरोबर उलट. जोर जास्त झाला तर समोरचा दगड मागे ढकलला जातो आणि आपलाच दगड उघडा पडतो. फूटभर आधी थांबला तरी काम चालतं. तिथे ‘कमी चालेल, जास्त नको’. लीडच्या पहिल्या गार्डला ‘अलीकडे चालेल, पण हॉगलाइन ओलांडायलाच हवी, आणि हाऊसला शिवायचं नाही’. हॉगलाइन न ओलांडलेला दगड बाहेर काढतात, म्हणजे तो अख्खा दगड वाया जातो.

जोराची चूक सांगायला आम्ही तळहात वापरतो. तळहात सोडणारीकडे करून ढकलल्यासारखा केला की ‘अलीकडे चालेल’. तळहात स्वतःच्या मागच्या बाजूला झटकला की ‘पलीकडे चालेल’. बाजूची चूक सांगायला ब्रशच्या एका बाजूचा बर्फ हाताने दाखवायचा आणि दुसऱ्या बाजूला नकारार्थी हात हलवायचा. शब्दांत ‘बाहेर चालेल’ किंवा ‘आत नको’. बाहेर म्हणजे वळणाच्या उलट बाजूला, आत म्हणजे वळणाच्या बाजूला.

एक पूर्ण उदाहरण घेऊ. मधोमध एक गार्ड आहे. प्रतिस्पर्ध्याचा पिवळा दगड आठ फुटीत आहे, दगड सोडणारीच्या उजव्या हाताला. आपल्याला तो काढायचा आहे आणि आपला दगड सरकून गार्डच्या मागे जायला हवा. स्किप पिवळ्या दगडाच्या मध्याकडच्या अर्ध्यावर ब्रश टेकवते, कारण दगड त्या बाजूला लागला की पिवळा उजवीकडे बाहेर जाईल आणि आपला डावीकडे, मध्याकडे सरकेल. तिथून ब्रश गार्डच्या मागच्या जागेपर्यंत ओढते, दोनदा टकटक. पोटावर हात: कंट्रोल. मग ती पुन्हा पिवळ्या दगडाच्या मधोमध ब्रश लावून मान हलवते: ‘पूर्ण लागला तरी चालेल’. सरकणं हुकेल, पण पिवळा जाईल. शेवटी त्याच्या डाव्या कडेला नकाराचा हात: ‘पातळ नको’. पातळ, म्हणजे नुसता कडेला, लागला तर पिवळा नीट हलत नाही आणि आपला दगड लांब निघून जातो. मग वळण, मग ब्रश. हे सगळं दहा-बारा सेकंदांत होतं. समोरून सोडणारी मान डोलावते किंवा हात वर करते. ते उत्तर आल्याशिवाय स्किपने ब्रश लावलाच नाही असं समजा.

वेळेचंही भान हवं. २०२२च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये दहा एंडच्या सामन्यात प्रत्येक संघाला विचार करायला एकूण ३८ मिनिटं होती. दगड ऐंशी. म्हणजे एका दगडाला अर्ध्या मिनिटाहूनही कमी. लीडच्या दगडांवर वेळ वाचवा, म्हणजे शेवटच्या दोन दगडांना बोलायला जागा उरते. सुरुवातीचे दगड तसेही थोडे सोपे आहेत: २०१८पासून पाच दगडांचा नियम आहे, त्यामुळे एंडमधला सहावा दगड येईपर्यंत प्रतिस्पर्ध्याचा हाऊसबाहेरचा गार्ड खेळाबाहेर काढता येत नाही. पर्याय कमी, तर बोलणंही कमी.

दगड सुटल्यावर: लाइन स्किपची, जोर स्वीपरांचा

दगड सुटला की संवादाची दिशा फिरते. आतापर्यंत स्किप बोलत होती. आता स्वीपरांनी, म्हणजे दगडापुढचा बर्फ घासणाऱ्या दोघींनी, बोलायचं आणि स्किपने ऐकायचं, निदान पहिल्या काही सेकंदांत तरी.

कारण साधं आहे. स्किप दगडासमोर उभी आहे. तिला दगड ब्रशच्या रेषेत आहे की नाही, हे स्पष्ट दिसतं. पण समोरून येणाऱ्या वस्तूचा वेग डोळ्याला नीट कळत नाही. स्वीपर दगडाच्या बाजूने चालतात, त्यांना वेग कळतो पण रेषा कळत नाही. म्हणून जोर त्यांनी सांगायचा आणि लाइन, म्हणजे रेषा, तिने. दोघांपैकी एकाने दुसऱ्याचं काम केलं की गोंधळ ठरलेला.

जोर सांगायला आकडे वापरतात. बऱ्याच संघांत ही पद्धत आहे:

१, २, ३: गार्ड. १ हॉगलाइनजवळचा, ३ हाऊसला लागून.
४: बारा फुटीची पुढची बाजू. ५: आठ फुटीची पुढची. ६: चार फुटीची पुढची.
७: बटण.
८, ९, १०: मागच्या बाजूला चार, आठ आणि बारा फुटी.

सातवर दगड हवा असेल आणि स्वीपर ‘पाच!’ ओरडल्या, तर स्किपला कळतं की घासल्याशिवाय तो आठ फुटीच्या पुढच्या बाजूलाच थांबेल. ‘आठ!’ ऐकलं तर घासायचं नाही, स्वीपरांनी ब्रश उचलून ठेवायचा. दगड पुढे येत जातो तसा आकडा बदलतो, आणि तो बदलला की पुन्हा ओरडायचा. एकदाच आकडा सांगून गप्प बसणाऱ्या स्वीपर स्किपला आंधळं करून ठेवतात.

काही स्वीपर स्टॉपवॉचवर आपल्या टोकाच्या बॅकलाइनपासून हॉगलाइनपर्यंत जाताना लागलेला वेळ मोजतात. वेळ जास्त म्हणजे दगड हळू. पण घड्याळ आकड्याला आधार देतं, आकड्याची जागा घेत नाही. दगड सोडताना हाताने थोडा धक्का दिला गेला तर त्या वेळेत तो दिसत नाही. मी माझ्या स्वीपरांना सांगते की घड्याळ पहिली अटकळ बांधायला वापरा, त्यानंतर डोळे.

खरी परीक्षा लाइन आणि जोर एकमेकांविरुद्ध जातात तेव्हा. समजा गार्डच्या आड ड्रॉ आहे. दगड थोडा बाहेरून सुटला आहे आणि स्वीपर ‘चार!’ ओरडत आहेत. जोर कमी म्हणून घासायला हवं. पण घासलं तर तो वाकणार नाही आणि गार्डच्या आड जाणारच नाही, उघडाच राहील. न घासलं तर वाकेल, पण हाऊसच्या तोंडाशी थांबेल. इथे स्किपने क्षणात निवड करायची असते, आणि ती निवड आधीच झालेली असते, जर तिने चालणारी चूक आधी सांगितली असेल तर. ‘कमी नको’ म्हटलं होतं, म्हणून घासा, उघडा राहिला तर राहू दे. ‘आडोसा हवाच’ म्हटलं होतं, तर हात वर, दगड वाकू दे, अर्धा आडोसा तरी मिळेल. सगळ्यात वाईट म्हणजे पाच सेकंद घासून मग थांबवणं. मग जोरही अर्धा आणि वाकणंही अर्धं.

उलट बाजूही असते. दगड आतून सुटला, पण जोर चांगला. मग लगेच घासायला लावा, शेवटी नाही. लवकर घासलं की दगडाचं वाकणं उशिरा सुरू होतं. शेवटच्या टप्प्यात दगड ज्या वेगाने वाकतो त्याला घासून पूर्ण रोखणं जड जातं.

एक गोष्ट आजच्या खेळात आली आहे, ती टाळू नका: दिशेने घासणं. दोन्ही स्वीपर नेहमी एकत्र घासत नाहीत. एकीनेच एका बाजूने, ठराविक कोनात घासलं तर दगडाची लाइन थोडी धरून ठेवता येते किंवा थोडं जास्त वाकवता येतं. २०१५-१६च्या हंगामात काही ब्रशच्या कापडाने हे इतकं वाढलं की खेळात मोठा वाद झाला. मे २०१६मध्ये कॅनडात ओंटारिओतल्या केम्पटव्हिल इथे चाचण्या घेतल्या गेल्या आणि त्यानंतर स्पर्धांसाठी ब्रशच्या कापडाचे नियम बांधले गेले. तंत्र राहिलं, फक्त त्याचा परिणाम आटोक्यात आला. स्किपसाठी याचा अर्थ असा की नुसतं ‘घासा’ पुरत नाही. कुणी, ते नावानिशी सांगावं लागतं.

आवाज आणि शब्द

नावाने हाक मारण्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण २०१८च्या प्योंगचांग ऑलिम्पिकमधलं. दक्षिण कोरियाच्या महिला संघाची स्किप किम उन-जंग तिच्या लीडला, किम योंग-मीला, सामनाभर ‘योंग-मी!’ अशी हाक मारत होती. नाव तेच, पण सूर आणि घाई बदलली की सूचना बदलायची. कोरियात ती हाक घराघरात पोहोचली. संघाने रौप्य जिंकलं. मला त्यातून जे शिकावंसं वाटतं ते असं: सूर हीच भाषा आहे. घासायला लावताना आवाज उंच आणि ओढलेला, थांबवताना खाली आणि एका ठोक्यात. ब्रशच्या आवाजात शब्द बुडतो, सूर बुडत नाही.

कॅनडात आम्ही ‘हर्री’ आणि ‘हार्ड’ घासण्यासाठी, ‘व्होआ’ थांबवण्यासाठी, आणि ‘क्लीन’ फक्त दगडापुढचा कचरा हलक्या हाताने काढण्यासाठी वापरतो. ‘गो’ कधी वापरत नाही, कारण तीस मीटरवरून ‘गो’ आणि ‘नो’ एकच वाटतात. चौघीही मराठी असलेला संघ जमला तर मराठीत खेळण्याचा मोह होतो, आणि व्हायलाही हवा. पण तीच चाचणी लावा. ‘ओढ’ आणि ‘सोड’ नको. ‘घास’ आणि ‘बास’ तर अजिबात नको. ‘घासाऽऽ’ आणि ‘थांब’ चालतात: एक ताणता येतो, दुसरा ताणून पाहिला तरी तोंड मिटतंच.

त्याच ऑलिम्पिकमध्ये जपानचा संघ दुसऱ्या कारणाने लक्षात राहिला. होक्काइदोतल्या कितामीचा हा संघ दर दगडाआधी हसत बोलायचा आणि एकमेकींना ‘सो दा ने’ म्हणजे ‘हो ना, बरोबर’ म्हणायचा. खेळाडूंच्या अंगावर माइक असल्यामुळे ते सगळ्या देशाने ऐकलं आणि त्या वर्षी तो शब्द जपानमध्ये गाजला. त्यांनी कांस्य जिंकलं, जपानचं कर्लिंगमधलं पहिलं ऑलिम्पिक पदक. मला तो शब्द आवडतो कारण तो ऐकल्याची पोचपावती आहे. स्किपने सांगितलं, दुसरीने पकडलं, आणि ते दोघींना कळलं.

व्हीलचेअर कर्लिंगमध्ये घासणं नसतंच. दगड सुटल्यावर दुरुस्ती नाही, म्हणून तिथे सगळा भार सोडण्याआधीच्या सांगण्यावर पडतो. आपल्या संघाची खूण किती नेमकी आहे हे तपासायचं असेल तर त्यांचा एखादा सामना बघा.

स्किप स्वतः दगड सोडते तेव्हा

एंडचे शेवटचे दोन दगड सहसा स्किपचे. त्या वेळी हाऊसमध्ये व्हाइस उभी असते. म्हणून व्हाइसला सगळ्या खुणा स्किपइतक्याच पक्क्या यायला हव्यात आणि बर्फाचा अंदाजही. आमच्यात रीत अशी की हॅककडे निघण्याआधी मी व्हाइसजवळ जाऊन शॉट तोंडाने सांगते आणि तिच्याकडून तो पुन्हा वदवून घेते, त्यात चालणारी चूकही आलीच पाहिजे. मग मी हॅकमध्ये बसते तेव्हा तिचा ब्रश हा तिचा निर्णय असतो. तिथून मी तिला ब्रश हलवायला सांगत नाही. संशय असेल तर उठून जाते.

स्किपनेच शेवटचा दगड सोडला पाहिजे असाही नियम नाही. स्वित्झर्लंडच्या सिल्वाना तिरिनझोनीच्या संघात शेवटचे दगड अलिना पेट्झ सोडायची आणि तिरिनझोनी स्किप म्हणून ब्रश धरायची. ज्या संघात सगळ्यात चांगलं सोडणारी आणि सगळ्यात चांगलं वाचणारी या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत, त्यांनी हे मोकळेपणाने करावं.

दगड थांबल्यावर

चुकलेल्या दगडानंतर स्किपचे खांदे पडलेले ३८ मीटरवरून दिसतात. शब्द पोहोचत नाहीत, खांदे पोहोचतात. म्हणून दगड थांबला की मी हात वर करते, मग माहिती देते: ‘ब्रशवर होता, दोन फूट जास्त’ किंवा ‘जोर छान, थोडा आत’. एवढंच. ‘अरेरे’ नाही आणि पोकळ ‘मस्त’ही नाही. त्या दोन गोष्टींवर सोडणारी पुढचा दगड सुधारू शकते. आणि ब्रश माझा चुकला असेल तर तेही लगेच, सगळ्यांना ऐकू जाईल असं, सांगते, नाहीतर ती तिचं चांगलं सोडणं बदलायला लागेल.

सराव

दर आठवड्याला एक एंड पूर्ण मुक्याने खेळा. स्किपने एक शब्द बोलायचा नाही, फक्त खुणा. दगड सोडणारीने हॅकमध्ये बसल्यावर स्वीपरांना हळू आवाजात चार गोष्टी सांगायच्या: दगड कुठे थांबायचा, जोर किती, वळण कोणतं, कोणती चूक चालेल. स्वीपरांनी त्या लक्षात ठेवायच्या. एंड संपल्यावर मधे येऊन स्किपच्या (शेवटच्या दोन दगडांना व्हाइसच्या) मनातल्या गोष्टींशी आठही दगड ताडून पाहायचे. आमच्या पहिल्या अशा एंडला शेवटच्या जागा आठपैकी सात जुळल्या होत्या. चालणारी चूक फक्त दोन दगडांना जुळली. पुढचे दोन महिने आम्ही त्या एकाच खुणेवर काम केलं, आणि आता ती खूण नीट आल्याशिवाय माझी लीड ब्रशकडे बघतच नाही, हात हलवून मागून घेते.